बांधावरची वाट

मी सिएटलजवळ रेडमंडला राहतो आणि एका छोट्या टूरवाल्याकडे आठ सीटची व्हॅन चालवतो. उन्हाळ्यात माझे निम्मे पॅसेंजर म्हणजे इथं मुलाकडे नाहीतर मुलीकडे सहा महिन्यांसाठी आलेले आईवडील, आणि त्यांना सगळ्यांना व्हँकूवर बघायचं असतं. म्हणजे बॉर्डर आली. गेल्या जुलैतल्या एका शनिवारबद्दल सांगतो.

त्या दिवशी सात जण होते, सगळे साठीच्या पुढचे, सगळे नात्यातले. व्हँकूवरच्या शेजारच्या सरे गावात भाचीचा साखरपुडा होता संध्याकाळी पाच वाजता. त्यातले एक आप्पा, साताऱ्याकडचे, ७८ वर्षांचे, फौजेतून सुभेदार म्हणून रिटायर झालेले. एक काकू शुगरच्या, इन्सुलिनवर. एका काकांना दर तासा-दीड तासानं टॉयलेट लागायचं. हे मी आदल्या रात्रीच विचारून घेतो, कॅनडाचा व्हिसा प्रत्येकाच्या पासपोर्टवर आहे ना ते बघतो तेव्हाच.

विचारण्याचं कारण आहे. त्याच्या आदल्या वर्षी सिएटलहून बॉर्डरला जाणाऱ्या आय-५ हायवेवरच्या रांगेत मी पावणेदोन तास अडकलो होतो, असेच वयस्कर लोक घेऊन. रांग एवढी मागे आली होती की बॉर्डरवरच्या पीस आर्च कमानीचा पार्कही लांब, आजूबाजूला काही नाही, उतरून जायचं तरी कुठं. मागच्या सीटवरच्या मावशींना शेवटी कंट्रोल झालं नाही. पूर्ण रस्ता त्या खिडकीकडे तोंड करून रडत बसल्या होत्या, आणि मी आरशात बघायचंच टाळत होतो. ते मी विसरू शकत नाही. तेव्हापासून मी रस्ता ठरवताना आधी बघतो गाडीत कोण बसलंय ते, मिनिटं नंतर.

आमच्या बाजूनं कॅनडात जायला चार नाकी आहेत. पीस आर्च, जे सगळ्यांना माहीत असतं, आय-५ सरळ तिथंच संपतो. त्याच्या बाजूला पॅसिफिक हायवे, तिथं ट्रक असतात पण छोट्या गाड्याही जातात. मग पूर्वेला लिंडन, पलीकडे त्याला आल्डरग्रोव्ह म्हणतात. आणि त्याच्याही पुढं सुमास. बेलिंगहॅमच्या आसपास हायवेवर पाटी लागते, कुठं किती मिनिटं थांबावं लागेल त्याची. रस्त्यात सेन्सर गाडलेले असतात, ते गाड्या मोजतात आणि त्यावरून आकडा येतो. पण तो आकडा आत्ताचा असतो, तुम्ही पोचाल तेव्हाचा नाही, आणि पाटी तुमच्यासारखीच हजार जणांनी वाचलेली असते हे लक्षात ठेवायचं. शनिवारी दुपार जवळ आली की पीस आर्चचा आकडा वरच चढतो. म्हणून मी पाटीची वाट बघत नाही, घरून निघतानाच लिंडन ठरवून निघतो. सरेला जायला थोडं लांब पडतं, वीसेक मिनिटं धरा, पण लिंडन गावात बॉर्डरच्या अलीकडे दुकानं आहेत, पंप आहेत, टॉयलेट आहेत. सगळे मोकळे होऊन, खाऊन, मगच रांगेत लागायचं.

आठला निघालो. बर्लिंग्टनच्या पुढं २३१ नंबरचा एक्झिट घेऊन मी चकनट ड्राइव्हला लागलो आणि पाच मिनिटांत मुलाचा फोन. तोच, ज्यानं बुकिंग केलं होतं. तो लोकेशन बघत होता. हायवे का सोडला, मॅप तर सरळ दाखवतोय, साखरपुडा आहे तिकडे, तुम्ही साइटसीइंग करताय का. मी सांगितलं, दादा, वीस मिनिटं जास्त जातील पण काकूंना दहाच्या आत खायचंय आणि काकांना उतरायचंय, पुढं लॅराबी पार्कला दोन्ही होतं, बॉर्डरला आपण लिंडनवरून जातोय, चारपर्यंत पोचवतो. तो गप्प झाला पण आवाजावरून कळत होतं पटलेलं नाही. त्याचंही बरोबर होतं, आईवडील त्याचे, काळजी त्याला.

चकनटचा रस्ता म्हणजे एका बाजूला वालुकाश्माचे कडे, दुसऱ्या बाजूला खाली सामिशची खाडी आणि पाण्याच्या अगदी कडेनं जाणारी रेल्वे. वळणं भरपूर, त्यामुळे ज्यांना गाडी लागते त्यांना पुढं बसवायचं आणि ताशी तीस मैलांच्या वर जायचं नाही. लॅराबी हा वॉशिंग्टनचा पहिला स्टेट पार्क, १९१५ चा. तिथं बाकावर दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी निघाली. मलाही वाढलं. समोर सॅन वॉन बेटं. काकू म्हणाल्या हे तर आमच्या गुहागरसारखंच आहे, फक्त नारळ नाहीत, आणि मग सगळे कोकणावर बोलत बसले, अर्धा तास गेला. मी हाकललं नाही.

बेलिंगहॅमला पाटी दिसली. पीस आर्च ८०, पॅसिफिक हायवे ६५, लिंडन २५. मी गाइड मेरिडियनला वळलो, सरळ उत्तरेला जाणारा रस्ता. दोन्हीकडे रासबेरीच्या ओळी, तोडणी चालू होती, उंच मशिनं ओळीच्या दोन्ही बाजूंनी पाय टाकल्यासारखी चालत होती. उजवीकडे माउंट बेकर, भर जुलैत पांढरा. आप्पा तोपर्यंत फारसे बोलले नव्हते. मशिन बघून म्हणाले, "थांबव की जरा." रस्त्याकडेला घेतली. त्यांनी उतरून दोन मिनिटं नुसतं बघितलं, मग म्हणाले, "ठिबक हाय बघ खाली," आणि परत येऊन बसले.

एक मावशी मात्र नाराज होत्या. त्यांना पीस आर्चची कमान बघायची होती, १९२१ ची, ६७ फूट उंच, आतले लोखंडी दरवाजे कधी बंद होऊ नयेत असं त्यावर लिहिलंय. मी शब्द दिला की सोमवारी सकाळी लवकर परत येताना तिकडूनच आणतो, तेव्हा गर्दी नसते. (आणि आणलं.)

लिंडनला रांगेत अठ्ठावीस मिनिटं लागली. खिडकीतल्या ऑफिसर बाईंनी विचारलं, किती दिवस, कुणाकडे, खायचं काय आहे. मी सगळ्यांना आधीच बजावलेलं असतं, असेल ते सांगायचं, लपवायचं काही नाही. बेसनाचे लाडू, चिवडा, लिंबाचं लोणचं, सगळं सांगितलं. बाईंनी डबा उघडून बघितला, लाडू कशाचे असतात विचारलं, आणि जा म्हणाल्या.

हातात वेळ होता. मी ० अव्हेन्यूला वळलो. झिरो अव्हेन्यू म्हणजे कॅनडातला बॉर्डरला चिकटून जाणारा रस्ता. काही ठिकाणी पलीकडे अमेरिकेचाही रस्ता अगदी शेजारून जातो आणि मध्ये फक्त एक गवताची नाली. कुंपण नाही, भिंत नाही. अशा एका जागी मी गाडी थांबवली पण आधीच सांगितलं, रस्त्याच्या कडेच्या पुढं एक पाऊल नाही. कॅमेरे आहेत, गस्त आहे. २०१९ साली एक ब्रिटिश कुटुंब गाडीनं या भागातून असंच पलीकडे गेलं तर तीन महिन्यांच्या बाळासकट डांबून ठेवलं होतं त्यांना.

आप्पा उतरले. हात मागे बांधून उभे राहिले. पलीकडून एक पिकअप गेली, तिची वॉशिंग्टनची नंबरप्लेट वाचता येत होती.

"ही हद्द?"

हो म्हटलं.

"तारा न्हाईत. पोस्ट न्हाई." मग बऱ्याच वेळानं, "मी तीन वर्षं एलओसीला होतो. पलीकडचा माणूस चहा पितोय ते दिसायचं आपल्याला."

पुढं काही बोलले नाहीत त्यावर. मी त्यांना लांबचा पांढरा दगड दाखवला. मला या रस्त्याचं वेड आहे म्हणून वाचून ठेवलेलं, की १८४६ च्या तहात ४९ अक्षांश ठरला, नंतर मोजणीदारांनी इथं जंगलातून ताऱ्यांवरून मोजत दगड रोवले, त्यात चुका झाल्या, रेघ काही ठिकाणी अक्षांशापासून शेकडो फूट सरकलेली आहे, पण आज दगड जिथं आहे तीच हद्द, अक्षांश काही का म्हणेना. आप्पांना हे फार आवडलं. "आमच्याकडं मोजणी आली की भाऊ भावाला कोर्टात खेचतो," म्हणाले, "आमची केस एकोणीस वर्षं चालली. दीड हात बांधासाठी. धाकटा गेला, तोवर बोललो न्हाई आम्ही."

गाडीत सगळे शांत झाले. त्यांच्या बायकोनं खिडकीतून फक्त "अहो, चला आता" म्हटलं, हळूच.

ते निघेनात. वाकून नालीकडं बघत होते. मग शेतकऱ्यानं विचारावं तसं विचारलं, "आणि ही नाली, गवत, हे साफ कोण ठेवतं? हे का ते?"

मी सांगितलं की दोन्ही देशांचं मिळून एक कमिशन आहे, ते हद्दीच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन मीटर पट्टा मोकळा ठेवतं, झाडं वाढली तर तोडतं, दगड पडला तर उभा करतं. जंगलात, डोंगरात, सगळीकडे.

"दोघं मिळून?"

"दोघं मिळून."

त्यांनी मान हलवली. गाडीत येऊन बसले, बेल्ट लावला, आणि मला म्हणाले, "फोटो काढला न्हाई रं. परत येताना हितनंच आण." मावशी लगेच म्हणाल्या, परत येताना कमान ठरलीय. मग मीच उतरलो, त्यांचा फोन घेतला आणि रस्त्याच्या कडेवरूनच फोटो काढला, नाली, तो दगड, पलीकडचा रस्ता. माणूस कोणीच नाही त्यात.

सरेला चारला दहा मिनिटं होती तेव्हा पोचलो. काकूंची शुगर ठीक होती. मुलाला मेसेज केला, त्यानं अंगठा पाठवला.