तेलाचा वास

नववीत माझं वैर एकाच मुलाशी होतं, पहिल्या नंबरावरून. माझे बाबा कापड गिरणीत विव्हिंग मास्तर, म्हणजे विणकामावरचे साहेब, आम्ही राहायला हिंदू कॉलनीत. तो लालबागच्या चाळीतला. त्याचे वडील त्याच गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर कामगार. सहामाहीत त्याने मला दोन गुणांनी मागे टाकलं आणि मी भर वर्गात म्हणाले, “तुझ्या वह्यांना तेलाचा वास येतो.”

त्याचा चेहरा उतरला. “तुझ्या बाबांच्या पगाराला पण तोच वास आहे,” एवढंच तो बोलला. मग अबोला.

१८ जानेवारी १९८२ ला कामगार नेते डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख गिरणी कामगार घरी बसले. भोंगे थांबले. बिऱ्हाडं कोकणात, घाटावर गावी परतू लागली आणि आमच्या वर्गाच्या हजेरीपटावरची नावं एकेक करून गळाली. कोण कुठे गेलं, आम्ही विचारलंही नाही. त्याची मला आज खंत वाटते.

एका पहाटे मी दार उघडलं, तर पेपर टाकायला तोच. दोघांनीही माना खाली घातल्या. दिवसा तो एका दुकानात काम करायचा, म्हणून शाळा बुडत होती. दुसऱ्या दिवशी मी बीजगणिताची वही उंबऱ्याशी ठेवली. दोन दिवसांनी ती पेपरच्या घडीतून परत आली. माझी दोन गणितं चुकली होती, ती पेन्सिलने सुधारलेली! दहावीचं अख्खं वर्ष आमची वही अशी ये-जा करत राहिली, आणि मला पहाटे आपोआप जाग येऊ लागली.

संप कधी रीतसर मागे घेतलाच गेला नाही. त्याच्या वडिलांना काम परत मिळालं नाही.

माफी मागायला मला निरोप समारंभाचा दिवस उजाडावा लागला. शब्द फुटेनात. त्याने दप्तरातून वडिलांचा जुना धोटा, म्हणजे मागावर आडवं सूत नेणारा लाकडी तुकडा, काढला, टोकाचं लोखंड झिजलेला, मधलं लाकूड हातांनी गुळगुळीत झालेला. म्हणाला, “घे, वास घेऊन बघ.” मी घेतला. तेल, लाकूड, सूत. मला रडू आवरेना.

आमच्या लग्नाला घरून विरोध झाला, वर्षानुवर्षं झाला. त्याबद्दल इथे लिहीत नाही. तो धोटा आता आमच्या टेबलावर असतो. सुताच्या कांडीच्या जागी दोघांची पेनं. वास केव्हाच उडून गेलाय, तरी पुसताना मी तो एकदा नाकाशी नेतेच.