नगरपालिकेची निवडणूक आणि ती प्रभागाची यादी

२ डिसेंबर २०२५ ला नगरपरिषदांचं मतदान झालं तेव्हापासून ज्याच्याशी बोलावं तो कोण निवडून आलं, कोण पडलं हेच सांगतो, आणि नियमांचा विषय काढला की म्हणतो ते अधिकाऱ्यांचं काम. मला हे अजिबात पटत नाही. आपल्यासारख्या लहान शहरात वॉर्डातलं लीड दहा-वीस मतांचं असू शकतं, तिथे मतदार यादीत एक बिल्डिंग चुकून शेजारच्या प्रभागात गेली तर निकाल फिरतो.

मुळात ही निवडणूक घेतो राज्य निवडणूक आयोग. लोकसभा-विधानसभा घेणारा भारत निवडणूक आयोग वेगळा. पण मतदार यादी मात्र विधानसभेचीच वापरतात, यावेळी १ जुलै २०२५ ची धरली होती, आणि राज्य आयोग त्यात नवीन नाव घालतही नाही, काढतही नाही. स्थानिक पातळीवर काम काय होतं तर ती यादी प्रभागांमध्ये फोडायची. म्हणजे तुमचं नाव विधानसभेच्या यादीतच नसेल तर नगरसेवकाला कितीही फोन करा, उपयोग शून्य, त्यासाठी आधीच कधीतरी नाव नोंदणीचा सहा नंबरचा फॉर्म भरलेला पाहिजे. पण नाव आहे आणि चुकीच्या प्रभागात पडलंय, हे मात्र दुरुस्त होतं, फक्त प्रारूप म्हणजे कच्ची यादी लागल्यावर हरकतीसाठी जे मोजके दिवस मिळतात तेवढ्यातच.

आमच्या इथे मेन रोड ही दोन प्रभागांची हद्द आहे. प्रारूप यादीत रोडच्या अलीकडची एक अख्खी बिल्डिंग पलीकडे टाकलेली, आणि एका घरात तर नवरा एका प्रभागात आणि बायको दुसऱ्यात. मी पालिकेत जाऊन लेखी हरकत दिली, सोबत यादीतला अनुक्रमांक, मतदार कार्डाचा नंबर आणि लाइट बिलाची झेरॉक्स जोडली, नंतर पालिकेचा माणूस येऊन जागा बघून गेला आणि अंतिम यादीत आमची नावं बरोबर जागी आली. शेजारच्या गल्लीतून कुणीच गेलं नाही. मतदानाच्या दिवशी तिथल्या एक काकू नेहमीच्या शाळेत रांगेत उभ्या राहिल्या आणि टेबलावर गेल्यावर कळलं की नाव दुसऱ्याच केंद्रावर आहे, तिथवर गेल्या तर मशीनवर नगरसेवकपदाचे सगळे अनोळखी उमेदवार, त्यांच्या भागातलं एकही नाव नाही. मला खरंच वाईट वाटलं, कारण ही चूक एका अर्जाने निघाली असती.

मशीनचंही सांगायला पाहिजे. नगरपरिषदेत बहुतेक प्रभाग दोन सदस्यांचे असतात आणि नगराध्यक्ष थेट जनतेतून, म्हणून साधारण तीन मतं द्यायची असतात. विधानसभेची सवय असलेला माणूस एक बटण दाबतो आणि निघतो. सगळ्या जागांची मतं दिल्याशिवाय शेवटची बीप वाजत नाही, मग आतल्या कर्मचाऱ्याला "आजी थांबा, अजून मत द्यायचंय" असं ओरडावं लागतं. एखाद्या जागेसाठी कुणीच पसंत नसेल तर त्या जागेचं नोटा आहे. मत कुणाला गेलं त्याची चिठ्ठी दाखवणारं व्हीव्हीपॅट नसतं, त्यामुळे चिठ्ठी का दिसली नाही म्हणून घाबरायचं कारण नाही. एवढं जरी आठवडाभर आधी घंटागाडीच्या स्पीकरवरून सांगितलं तरी केवढी गडबड वाचेल.

आणि यावेळी जे पुढे ढकलण्याचं झालं, त्याने तर लोक फार वैतागले. मतदानाला अगदी थोडे दिवस उरले असताना काही ठिकाणची निवडणूक २० डिसेंबरवर गेली. कारण साधं होतं. उमेदवारी अर्ज छाननीत बाद झाला किंवा मंजूर झाला त्यावर जिल्हा न्यायालयात अपील करता येतं, आणि अपिलाचा निकाल आल्यावर माघार घ्यायला तीन दिवस मिळायला हवेत असा नियम आहे. काही अपिलांचे निकाल उशिरा आले आणि ते तीन दिवस न देताच चिन्हं वाटली गेली. नगराध्यक्षाच्या जागेचं अपील असेल तर अख्ख्या नगरपरिषदेचं मतदान थांबलं, सदस्याचं असेल तर तेवढ्या जागेचं. नंतर हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने सांगितलं की सगळी मतमोजणी एकत्र २१ डिसेंबरला करा, एका ठिकाणच्या निकालाचा दुसरीकडे परिणाम नको. कोर्टाचं म्हणणं मला बरोबर वाटतं, पण तोवर मतदान झालेली मशीन्स जवळपास तीन आठवडे स्ट्राँग रूममध्ये आणि बाहेर कार्यकर्ते थंडीत पहारा देत बसलेले, हे टाळता आलं असतं. छाननी आणि चिन्हवाटप यांच्यात अपिलासाठी पुरेसे दिवस ठेवले असते तर हा सगळा गोंधळ झालाच नसता.

त्यात ही निवडणूक किती वर्षांनी झाली बघा. बऱ्याच पालिकांची मागची निवडणूक २०१६ ची, नंतर मुदत संपली, ओबीसी आरक्षणाची केस चालली, प्रशासक बसले, आणि मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितल्यावर चक्र हललं. मधल्या काळात थेट नगराध्यक्ष आधी रद्द झाला आणि परत आणला गेला. सरकार बदललं की निवडणुकीची पद्धत बदलायची हे बंद व्हायला पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे, मग कोणत्याही पक्षाचं सरकार असो.

पालिकेकडे माझी मागणी एकच आहे. प्रारूप यादी नोटीस बोर्डावर आणि वेबसाइटवर टाकून मोकळं होऊ नका, प्रत्येक प्रभागातल्या रेशन दुकानावर आणि अंगणवाडीत तिची प्रत ठेवा, सोबत हद्दीचा नकाशा लावा, आणि हरकतीचे कोरे फॉर्म तिथेच मिळू द्या. याचा अर्ज मी मुख्याधिकाऱ्यांच्या नावाने लिहून ठेवलाय, सोमवारी आवक-जावकला देणार आहे, आपल्या भागातल्या ज्यांना सही करायची असेल त्यांनी रविवारी संध्याकाळपर्यंत घरी या.