दीड गुंठा आणि दहा किलोमीटर

सांगलीत प्लॉट बघताना पहिला प्रश्न असतो, ‘फुटाला काय दर?’ त्याआधी घरातलं कोण, किती वाजता, कुठे कामाला जातं ते कागदावर मांडा.

दीड गुंठा म्हणजे साधारण १,६३३ चौरस फूट. प्लॉट कामापासून १० किलोमीटर लांब पडला, तर जाऊन-येऊन २०. महिन्याचे २६ दिवस धरले तर ५२० किलोमीटर. दुचाकी लिटरला ४५ देत असेल आणि पेट्रोल १०५ रुपये धरलं, तर बाराशे रुपये नुसत्या पेट्रोलला. टायर, ऑइल, सर्व्हिसिंग धरून दीड हजार. ९ टक्क्यांच्या, २० वर्षांच्या कर्जाला लाखामागे हप्ता साधारण ९०० रुपये. म्हणजे या दीड हजारात १ लाख ६७ हजारांचं जादा कर्ज फिटतं. १,६३३ फुटांवर वाटलं तर फुटाला शंभर रुपये! कामाजवळचा प्लॉट तेवढ्यानेच महाग असेल तर घ्यावा. पाचशेने महाग असेल, तर निदान पेट्रोलच्या हिशेबात तरी लांबचाच परवडतो.

दोघं कमावते असले की गणित फिरतं. सांगलीत काम एका जागी नाही: कुपवाड-मिरजेची एमआयडीसी, मिरजेतली हॉस्पिटलं, मार्केट यार्डातली हळदीची पेठ. एक मिरजेत, दुसरा सांगलीत, असं घर मधे विश्रामबागेत जागा शोधतं. तिथल्या दराला हेही एक कारण आहे. शिवाय दुसरी पाळी सुटते तेव्हा बसचा भरवसा नसतो, म्हणून दुसरी गाडी लागते. तिचा हप्ताही धरा.

कामाजवळ असून स्वस्त जागा दिसली तर आधी पूररेषा बघा. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. शामरावनगरसारख्या सखल भागात नदी न चढताही पावसाचं पाणी साचतं. काळी माती असेल तर पाया मुरुमापर्यंत न्यावा लागतो. तो खर्च दरातच मिळवा.

आणि गुंठेवारी, म्हणजे परवानगीशिवाय जमिनीचे तुकडे पाडून विकलेले प्लॉट. २००१ च्या कायद्याखालचं नियमितीकरणाचं प्रमाणपत्र नसेल तर बँका सहसा कर्ज देत नाहीत; दर उतरलेला असतो तो बऱ्याचदा त्यामुळेच. मग वरचा ९०० रुपयांचा हप्ता विसरायचा. बाहेरून शेकडा दोन रुपयांनी पैसे उचलले, तर त्याच १ लाख ६७ हजारांना महिन्याला ३,३४० रुपये नुसतं व्याज जातं, मुद्दल तसंच.