केशर काढलं, मग लेबल झालं

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या गच्चीवर कोरफडीच्या चार कुंड्या आहेत. माझा धंदा तिथून सुरू झाला असं मी पूर्वी कौतुकाने सांगायचे. खरं म्हणजे तिथून फजिती सुरू झाली. कोरफडीचा गर, गुलाबपाणी, बदामतेल आणि मेण घरच्या मिक्सरवर फिरवून क्रीम केलं आणि डबीवर हौसेने लिहिलं, 'केमिकल-फ्री, प्रिझर्व्हेटिव्ह नाही'. आठव्या दिवशी जाऊबाईंनी डबी उघडून माझ्यापुढे धरली. झाकणाच्या आतल्या कडेला काळपट, केसाळ ठिपके.

"लोणच्यावर असं दिसलं असतं तर आईंनी अख्खी बरणी फेकली असती. हे तू लोकांच्या तोंडाला लावणार?"

बडोद्यात औषधांचे जुने कारखाने आहेत, त्यामुळे दर गल्लीत एखादे निवृत्त केमिस्ट काका सापडतातच. आमच्या काकांनी डबीचा वास घेतला आणि म्हणाले, "पाणी आलं की जंतू आले. आणि पाणी केमिकल नाही तर काय आहे?" फिनॉक्सिइथेनॉल या प्रिझर्व्हेटिव्हचं नाव मी त्यांच्याकडून पहिल्यांदा ऐकलं. एक टक्क्याच्या आत वापरायचं, म्हणजे क्रीम टिकतं. 'केमिकल-फ्री' त्याच दिवशी खोडलं.

घरी बनवून विकायचं तर लायसन्स लागतं, हेही मला तेव्हाच कळलं. कायदा 1940चा, सौंदर्यप्रसाधनांचे नियम 2020चे. स्वतंत्र जागा आणि शिकलेला माणूस हवा. ते आपल्याच्याने होणार नव्हतं, म्हणून मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतला लायसन्सवाला कारखाना गाठला. माल त्यांनी बनवायचा, नाव माझं. त्यांचं नाव, पत्ता आणि लायसन्स नंबर लेबलवर असावाच लागतो. बरेच जण तो अगदी बारीक छापतात, मी पुढच्या बाजूला घेतला.

खरी चकमक केशरावरून झाली. माझी आजी साईत केशर खलून लावायची, म्हणून मला केशर हवंच होतं. कारखानेवाले भाई खूश. "केसर वगर कोण लेशे, बेन?" केशराशिवाय घेणार कोण, म्हणे. किती घालायचं, तर 0.01 टक्का. म्हणजे 50 ग्रॅमच्या बाटलीत 5 मिलिग्रॅम, मोजून दोन-तीन काड्या. आणि बाटलीवर केशराचं अख्खं फूल! मी विचारलं, घटकांच्या यादीत ते शेवटी येईल ना? भाई हसले. नियम असा की घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे, पण एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले त्यांच्यानंतर कुठल्याही क्रमाने चालतात. म्हणजे केशर 0.01 असलं तरी 0.8 टक्के प्रिझर्व्हेटिव्हच्या आधी छापता येतं, तेही पूर्ण कायदेशीर. त्या रात्री मी घरातल्या सगळ्या बाटल्या पालथ्या घालून यादी वाचत बसले. प्रिझर्व्हेटिव्ह जिथे दिसेल, त्याच्या पुढे-मागे जे जे सुंदर नाव असेल ते बहुधा चिमूटभरच, एवढं आता ओळखता येतं.

केशर काढलं. ज्या घटकांच्या जोरावर क्रीम विकायचं, त्यांचे टक्के लेबलवर छापले. भाई म्हणाले, लोक फॉर्म्युला चोरतील. चोरोत बापडे. ग्लिसरीन 5 टक्के हे काय गुपित आहे?

'प्राण्यांवर चाचणी नाही' असं सांगणारं सशाचं चित्रही डिझाइनरने लेबलवर घातलं होतं, ते काढायला लावलं. भारतात ती चाचणी 2014 पासून बंदच आहे. मी कायदा पाळते याचं कौतुक कशाला? ट्रेडमार्कचं मात्र पटकन उरकलं. 'शुद्ध' हे नाव वकिलांनी पहिल्या भेटीतच बाद केलं. मालाचा गुण सांगणारा शब्द सहसा नोंदवून मिळत नाही म्हणे.

एवढं सगळं सांगून एक गोष्ट मी लेबलवर छापली नव्हती. काकांनी बजावलं होतं, 40 अंशांवर तीन महिने ठेवून बघ, मगच विक. दिवाळी गाठायची म्हणून मी एकाच महिन्यात उरकलं. हिवाळा निभावला. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीतले खोके उघडले, तर बाटल्यांत वर तेलाचा पिवळा थर, खाली पाणी. हलवलं की एक होतं, पाच मिनिटांत पुन्हा वेगळं.

त्या बॅचच्या 112 बाटल्या गेल्या होत्या. प्रत्येकीला फोन करून चाचणी अर्धवट केली होती हेच सांगितलं आणि पैसे परत दिले. एकीने विचारलं, "टक्के छापता, मग हे का नाही छापलं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मेण वाढवून पुन्हा बनवलं. या वेळी तीन महिने पूर्ण थांबले. आता बॅच नंबरशेजारी चाचणीची सुरुवात आणि शेवट, दोन्ही तारखा छापते. भाईंना तो शाईचा खर्च वाटतो.

सासूबाई मात्र अजून रात्री साय आणि केशरच लावतात. माझी बाटली देव्हाऱ्याशेजारी न फोडलेलीच आहे.