माळ्याचा हिशेब

"ताई, इथे ताठ उभ्या राहा बघू," मिस्त्री म्हणाले.

राहिले. डोकं थेट वाशाला!

गावच्या घराचा माळा राहण्याजोगा करायचाय. मी आधीच १५ बाय २० म्हणजे ३०० चौरस फूट गुणून बसले होते. त्यांनी टेप आढ्याखाली धरला. दोन्हीकडे कौलांचा उतार. न वाकता चालता येईल अशी पट्टी जेमतेम ८ फूट रुंद. म्हणजे १६०. "उरलेल्यात गाद्या ठेवा."

फळ्या, कौलांखालचं छत, वायरिंग, सगळं लिहून झालं. मग शिडीकडे बघून म्हणाले, "जिना लागेल. तो खालची खोली खाणार."

हे माझ्या कागदावर नव्हतंच.

आणि माळ्यावरचे नारळ, आजीची पितळी घंगाळं, मोडका पाळणा? ते कुठे न्यायचं?