उपग्रहाचं इंटरनेट घरी घ्यावं का?

आमच्या छपरावर डिश बसल्यापासून घरी फोन केला की एक प्रश्न ठरलेला असतो: आपणही घ्यायचं का? तर सरळ सांगते. दारापर्यंत फायबर आलं असेल तर तेच घ्या, उपग्रहाचा विचारही करू नका. फायबर नाही, लवकर येण्याची चिन्हं नाहीत आणि मोबाइलची रेंजही घरात धड मिळत नाही, अशी परिस्थिती असेल तर मात्र जरूर घ्या. आम्ही इथे परदेशात राहतो ते अशाच विरळ वस्तीत. दोन घरांमध्ये भरपूर अंतर, आणि एवढ्या थोड्या घरांसाठी कोणी केबल खणून आणत नाही.

उपग्रहाचं इंटरनेट म्हणजे एकच प्रकार, असं बरेच जण धरून चालतात. खरं तर दोन आहेत, आणि त्यांच्यात फार मोठा फरक आहे. जुन्या प्रकारातले उपग्रह विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर असतात. ते पृथ्वीच्या फिरण्याशी जुळवून फिरतात, म्हणून आपल्याला एकाच जागी दिसतात. टीव्हीची डिश एकदा लावली की पुन्हा हलवावी लागत नाही, ती यामुळेच. पण अंतर बघा. आपण एखादं पान उघडलं की मागणी वर जाते, खाली कंपनीच्या जमिनीवरच्या केंद्रात उतरते, उत्तर पुन्हा वर जातं आणि मग आपल्या घरी येतं. हे सगळं मिळून १,४०,००० किलोमीटरच्या वर जातं. प्रकाशाच्या वेगाने गेलं तरी जवळजवळ अर्धा सेकंद. कितीही महागडं राउटर आणलं, कितीही मोठा प्लॅन घेतला, तरी हा अर्धा सेकंद कमी होत नाही.

अर्धा सेकंद ऐकायला काहीच वाटत नाही. आमच्याकडे आधी हाच प्रकार होता, आणि आईशी व्हिडिओ कॉल लावला की तो अर्धा सेकंद कळायचा. मी "बरी आहेस ना?" विचारायचे, पलीकडे शांतता. मला वाटायचं ऐकू गेलं नाही, म्हणून मी परत विचारायचे, तेवढ्यात तिचं उत्तर यायचं. मग दोघी एकदम बोलायचो, दोघी एकदम थांबायचो, आणि "तू बोल", "नाही, तू बोल" यातच वेळ जायचा. सिनेमा मात्र त्याच जोडणीवर छान चालायचा, कारण तिथे कोणी कोणाला उत्तर देत नसतं.

दुसरा प्रकार खालच्या कक्षेतल्या उपग्रहांचा. स्पेसएक्स कंपनीने आपल्या स्टारलिंक या इंटरनेट सेवेसाठी मे २०१९ मध्ये पहिले ६० उपग्रह एकदम सोडले, आणि आज त्यांचे हजारो उपग्रह साधारण ५५० किलोमीटरच्या आसपास फिरतात. अंतर इतकं कमी झाल्यावर उशीर बहुतेक वेळा २५ ते ६० मिलिसेकंदांवर येतो. आता आईला मी पलीकडच्या खोलीतून बोलतेय असं वाटतं. माझ्यासाठी एवढ्या एका गोष्टीने पैसे वसूल झाले.

पण खालचा उपग्रह एका जागी थांबत नाही. तो काही मिनिटांत डोक्यावरून निघून जातो आणि डिशला लगेच पुढचा धरावा लागतो. म्हणून तिला आकाशाचा मोठा तुकडा मोकळा लागतो, आणि घरगुती वापरात बऱ्याच तक्रारी इथेच होतात. कंपनीच्या अॅपमध्ये फोनचा कॅमेरा आकाशाकडे फिरवला की अडथळे कुठे आहेत ते दिसतं. आमच्याकडे एका कोपऱ्यात तांबडा डाग होता. शेजारच्या झाडाची एकच फांदी, पण वारा सुटला की कॉल क्षणभर गोठायचा, पुन्हा सुरू व्हायचा. डिश खांबावर चढवली तेव्हा कुठे ते थांबलं. यावरून लक्षात येईल की इमारतीतल्या फ्लॅटच्या बाल्कनीत हे नीट चालणं अवघड आहे. गच्ची वापरायला मिळत असेल तरच पुढचं बघावं.

विजेचाही हिशेब करा. अशा डिशला सतत साधारण ५० ते १०० वॉट लागतात, म्हणजे एखादा जुना पंखा रात्रंदिवस चालू ठेवल्यासारखं. वीज जात असेल तर इन्व्हर्टरवर हा भार धरूनच चाला. मुसळधार पावसात वेग पडतो, कधी थोडा वेळ जोडणीच जाते. संध्याकाळीही वेग उतरतो, कारण एका भागातली सगळी घरं उपग्रहाची तीच क्षमता वाटून घेतात. म्हणूनच दाट शहरात हे मला पटत नाही. जिथे घरं कमी, तिथेच ते खुलतं. शिवाय सगळं एकाच कंपनीच्या यंत्रणेवर उभं असतं. २४ जुलै २०२५ ला स्टारलिंकची सेवा जगभरात अडीच तासांच्या आसपास बंद पडली होती. घरून नोकरी करणाऱ्याने मोबाइलचा थोडा डेटा जवळ ठेवलेला बरा.

मुलं ऑनलाइन गेम खेळत असतील तर खालच्या कक्षेचंच घ्या. ईमेल, बातम्या आणि सिनेमा एवढंच हवं असेल तर जुना प्रकारही चालेल, फक्त महिन्याच्या डेटाची मर्यादा आधी नीट वाचा.

आणि पैसे भरण्याआधी डिश जिथे बसणार त्याच जागी उभं राहून अॅपने आकाश तपासा. खाली अंगणात केलेली तपासणी छपराला लागू पडत नाही. झाडांची पानं गळलेली असताना तपासलं असेल, तर पालवी फुटल्यावर पुन्हा एकदा बघा. सेवा परत करण्याची मुदत किती आहे तेही विचारून घ्या, म्हणजे त्या मुदतीत एखादा जोराचा पाऊस आणि घरात सगळे असतानाची एखादी संध्याकाळ, दोन्ही पाहून ठरवता येईल.