क्यूब फोडणारा कोणाच्या पगारावर?

सिंगापूरच्या साइटवर रुजू झाले आणि पहिल्या आठवड्यातच एक गोष्ट लक्षात आली: स्लॅब भरायला 'घ्या' म्हणायचा हक्क कॉन्ट्रॅक्टरला नाही. तो हक्क आरटीओचा. (आपल्याकडचं परिवहन कार्यालय डोळ्यांसमोर आणू नका, हा रेसिडेंट टेक्निकल ऑफिसर.) त्याच्यावर रेसिडेंट इंजिनिअर, त्याच्यावर देखरेखीसाठी नेमलेला क्वालिफाइड पर्सन, म्हणजे कायद्याने पात्र ठरवलेला इंजिनिअर. यातला कोणीही बिल्डरच्या नोकरीत असता कामा नये, असं कायदाच सांगतो. आमचा आरटीओ शटरिंगवर वाकून टेपने सळ्यांमधलं अंतर मोजतो, लॅप (एका सळीवर दुसरी जिथे चढते तो भाग) बघतो, सळी आणि शटरिंगमध्ये अंतर राखणारा कव्हर ब्लॉक चेपला असेल तर बदलायला लावतो. खाली पंप भाड्याने आणून उभा आहे, फोरमन घड्याळ बघतोय, पण सही झाल्याशिवाय नळीतून थेंब पडत नाही.

मग ट्रान्झिट मिक्सर येतो. स्लम्पचा, म्हणजे काँक्रीट किती पातळ आहे ते तपासायचा, शंकू सगळीकडे तोच, तीनशे मिलिमीटर उंच. तीन थर, प्रत्येक थराला सळईचे पंचवीस ठोके, मग शंकू सरळ वर उचलायचा, दोन ते पाच सेकंदांत. काँक्रीट किती बसलं ते मोजायचं. ते मर्यादेबाहेर गेलं की गाडी परत. ड्रायव्हरने वाटेत गुपचूप पाणी मारलं असेल तर ते इथे उघडं पडतं. शेजारीच क्यूब, म्हणजे त्याच काँक्रीटचे नमुना ठोकळे, भरले जातात. किती दाब सोसतात ते बघायला ते नंतर फोडायचे. काही सात दिवसांनी फुटतात, काही अठ्ठावीस दिवसांनी, आणि तेही मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत. अठ्ठावीस दिवसांचा आकडा कमी आला तर वर दोन मजले चढलेले असतात. मग कोअर (बसलेल्या काँक्रीटमधून कापलेला गोल नमुना) काढा, हातोडा मारून पाहा, हिशेब पुन्हा मांडा. त्या दिवसांत साइट ऑफिसात चहासुद्धा कोणी धड पीत नाही.

एवढी कडक व्यवस्था उगाच आलेली नाही. 15 मार्च 1986 रोजी सेरंगून रोडवरची हॉटेल न्यू वर्ल्डची सहा मजली इमारत मिनिटभरात बसली. 33 माणसं गेली. चौकशीत निघालेलं कारण वाचून मी पान दोनदा वाचलं: आराखडा करताना इमारतीचं स्वतःचं वजनच धरलं नव्हतं! त्यानंतर 1989 च्या बिल्डिंग कंट्रोल कायद्यात 'ॲक्रेडिटेड चेकर' आला. म्हणजे आराखडा एकाने करायचा आणि ज्याचा त्यात काही संबंध नाही अशा दुसऱ्या इंजिनिअरने तो नव्याने हिशेब मांडून तपासायचा.

तरी एप्रिल 2004 मध्ये निकॉल हायवेजवळ मेट्रोच्या खोदकामाचा आधार कोसळला आणि चार जण गेले. तात्पुरत्या आधाराच्या जोडातच खोट होती. काँक्रीटचे क्यूब कितीही चांगले फुटोत, असली खोट त्यांतून कळत नाही. त्यामुळे खोल खोदकामावर आता वेगळी नजर असते, आणि आम्ही खड्ड्याच्या भिंतीची हालचाल दाखवणारे आकडे रोज तपासतो.

कागद मात्र अतोनात. एका पायलसाठी (पायासाठी जमिनीत खोल घातलेला खांब) जितके फॉर्म भरतो तितक्यात आपल्याकडे अख्खा बंगला उभा राहील. आणि सही करणारा कंटाळला की तीही नुसती रांगोळी होते, हेही मी बघितलंय.

इमारत वापरात आल्यावरही सुटका नाही. निवासी इमारतींची दर दहा वर्षांनी, बाकीच्यांची दर पाच वर्षांनी इंजिनिअरकडून तपासणी. नोटीस मालकाला येते, इंजिनिअर त्याने नेमायचा. मुंबईत तीस वर्षांवरच्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट सक्तीचं आहे, पण दादरच्या मावशीच्या सोसायटीत 'खर्च कोणी करायचा' यावरून सभा तहकूब झाली. इथे तहकूब करायची सोय नाही. माझ्या ब्लॉकमधल्या वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी नोटीस वाचली, कुरकुर केली आणि त्याच दुपारी, तपासणीला भिंत दिसावी म्हणून, तिला टेकवलेलं कपाट पुढे ओढायला मला बोलावलं.